खाडीकडचं रक्त

माझ्या सासुरवाडीत जावयाची पारख डास करतात. हुंडा, मानपान, रुसवेफुगवे यांचं त्या घरात कुणाला फारसं पडलेलं नव्हतं. बाहेरून आलेल्या माणसाला खाडीकडचा ताप कधी येतो आणि तो त्यातून कसा उठतो, याकडे मात्र सगळ्यांचं लक्ष असायचं. सून असली तर पहिला ताप उतरल्यावर सासू तिला हिरव्या बांगड्या भरायची. जावई असला तर टोपी, टॉवेल आणि नारळ. तोवर तुम्ही पाहुणे. मी लग्नानंतर पंचवीसेक वर्षं पाहुणाच राहिलो, कारण आमचं घर भाईंदर पश्चिमेला, तिसऱ्या मजल्यावर, खिडक्यांना जाळ्या. नवघरला सासूबाईंकडे जायचो ते रविवारी दुपारी मासे खायला, आणि संध्याकाळी डास बाहेर पडायच्या आत रिक्षा पकडायचो.

सासूबाई यावरून मला मनसोक्त बोलायच्या. "जावईबापू, डासाला एवडं भिऊन कसं चालल? आमचे रगतात खाडी हाय. तुमचे रगतात म्युन्शिपाल्टीचा पानी." मी परळच्या चाळीत जन्मलेला, मूळ रत्नागिरीचा. माझ्या रक्तात काय आहे याची चौकशी तोवर कुणी केली नव्हती. मी आणखी एक बोंबील मागायचो.

ही पारख कुठून आली ते मला बायकोनं सांगितलं. आम्ही दोघं एकाच ऑफिसात होतो, लग्न आमचं आम्हीच ठरवलं, म्हणून घरातल्या जुन्या गोष्टी मला जरा उशिरानं कळत गेल्या. माझ्या सासऱ्यांची पहिली बायको जुन्नरकडची, घाटावरची. लग्न होऊन नवघरात आली आणि पहिल्याच पावसाळ्यात तापानं गेली. सासरे तेव्हा मिठागरात कामाला. चहूकडे खाडी आणि खाजण, जिकडे बघावं तिकडे साचलेलं पाणी, आणि डॉक्टर गाठायचा म्हणजे अर्धा दिवस. त्यानंतर घरानं ठरवून टाकलं, की सून करायची ती खाडीकडचीच. नवघर, राई, मुर्धे, पेणकरपाडा, फार तर पलीकडच्या काठावरचं एखादं गाव. घाटावरची कितीही शिकलेली असो, देखणी असो, नको. खाडीकडच्या पोरीला ताप येतो, ती दोन-चार दिवस पडते आणि उठून भाकऱ्या थापायला बसते. सासूबाई अशाच पारखून आणलेल्या. लेकींना मात्र बाहेर द्यायला हरकत नसायची, कारण लेक बाहेर जाते, सून आत येते. म्हणून माझं जमलं.

सासूबाई जन्मभर फिक्या. डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली तर आत रंगच नाही. जो तो डॉक्टर त्यांना लोहाच्या गोळ्या द्यायचा आणि गोळ्यांनी काडीचा फरक पडायचा नाही. मी शिकलेला जावई, गप्प कसा बसेन? दर रविवारी बीट, खजूर, पालक घेऊन जायचो आणि जेवल्यावर लगेच चहा पिऊ नये यावर व्याख्यान द्यायचो. त्या ऐकून घ्यायच्या आणि बीट शेजारच्या शेळीला घालायच्या. शेळीची तब्येत उत्तम होती.

मग आमची इमारत पाडून नवी बांधायचं ठरलं. तोवर राहायचं कुठे, तर बायको म्हणाली, आई एकटीच आहे, तिच्याकडे जाऊ. पन्नाशी उलटल्यावर मी घरजावई झालो. मित्रांनी जी चेष्टा करायची ती केलीच. खरं सांगायचं तर मला तिथे फार छान वाटत होतं. बैठं कौलारू घर, मागे विहीर, दारात तगरीचं झाड, दोन्ही बाजूंना टॉवर उठलेले आणि मध्ये आम्ही. सकाळी पाटीवाली मासळी घेऊन दारात यायची आणि सासूबाई तिच्याशी घासाघीस करायच्या, ते ऐकत चहा प्यायला मला अजूनही आवडेल. फक्त समोरच्या प्लॉटवर काम अर्धवट थांबलेलं होतं आणि लिफ्टच्या खड्ड्यात गुडघाभर पाणी साचलं होतं.

भाद्रपदात मला ताप आला, आणि त्याच आठवड्यात सासूबाईंनाही. मी आधी क्रोसिन घेऊन बघितली, कारण प्रत्येक तापाला ऑफिसात आम्ही तेच करायचो. सासूबाईंनी गवती चहाचा काढा पिऊन दोन गोधड्या अंगावर घेतल्या, हुडहुडी भरून घाम गाळला, आणि तिसऱ्या दिवशी उठून चिंबोऱ्या फोडायला बसल्या. मला म्हणाल्या, "उटा आता. पयला ताप हाय, नवरीसारकं काय पडून रायलाव." मी उठलो नाही. माझे डोळे पिवळे झाले होते आणि मी बायकोला परळच्या चाळीतल्या नळाला पाणी आलं का म्हणून विचारत होतो. तिनं रिक्षा बोलावली आणि मला मीरा रोडच्या एका इस्पितळात नेलं. पुढचं मला आठवत नाही. मूत्रपिंडं बंद पडायला आली होती, रक्ताच्या बाटल्या चढवल्या, आणि डॉक्टरांनी बायकोला जवळच्या नातेवाइकांना बोलावून घ्यायला सांगितलं होतं, एवढं मला नंतर कळलं.

मी वाचलो. घरी आल्यावर सासूबाईंनी मला टोपी, टॉवेल आणि नारळ दिला. पारख वगैरे काही बोलल्या नाहीत. मला त्या दिवशी फार बरं वाटलं, पण चीडही आली. एकाच घरात, एकाच खड्ड्यातले डास दोघांना चावले. पंचाहत्तरीची बाई चिंबोऱ्या फोडते आणि तिच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान माणूस मरायला टेकतो, याला काय म्हणायचं?

फेरतपासणीला गेलो तेव्हा हाच प्रश्न मी डॉक्टरीणबाईंना विचारला. तरुण होत्या, पण त्यांना घाई नव्हती. त्यांनी सासूबाईंनाही बोलावून घेतलं, रक्त काढलं, आणि अहवालावर बराच वेळ नजर खिळवून बसल्या. सासूबाईंना झालेला मलेरिया माझ्याच जातीचा होता, जो मेंदूपर्यंत आणि मूत्रपिंडापर्यंत जातो तोच. रक्तपेशी मात्र नेहमीपेक्षा लहान आणि संख्येनं जास्त. पुढची तपासणी झाली आणि सासूबाईंच्या फिकेपणाला नाव मिळालं, थॅलसेमिया मायनर. म्हणजे आजार नव्हे. रक्ताचा लाल रंग बनवायची कृती आपल्याकडे दोन प्रतींत असते, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. सासूबाईंची एक प्रत सदोष होती. एका चांगल्या प्रतीवर त्यांचं आयुष्य खुशाल चाललं होतं.

"जिथे पिढ्यानपिढ्या मलेरिया होता तिथे अशी माणसं जास्त सापडतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्यांना ताप येत नाही असं नाही. येतो. पण तो जिवावर बेतायचं प्रमाण कमी दिसतं. नेमकं कसं, ते अजून पुरतं उलगडलेलं नाही. त्यात आजींनी जन्मभर इथले ताप काढलेत, त्याचाही वाटा असणारच." मग त्यांनी माझा रक्तगट बघितला आणि मान हलवली. माझा 'ए'. म्हणे 'ओ' गटाच्या माणसांना गंभीर मलेरिया तुलनेनं कमी होतो. रक्तगटातही मी नापास. "हा सगळा चाळणीचा खेळ आहे," त्या म्हणाल्या. "हजारो वर्षं ताप माणसं चाळत आला. ज्यांच्या रक्तात असं काही होतं ती जरा जास्त जगली, त्यांना मुलं झाली, आणि ते रक्त पुढे गेलं."

सासूबाई माझ्याकडे बघून गालात हसल्या. इतक्या वर्षांच्या टोमण्यांना डॉक्टरचा शिक्का मिळाला होता. बिटांचा विषय मी काढला नाही, त्यांनीही काढला नाही.

मग डॉक्टरीणबाईंनी दुसरी बाजू सांगितली. नवरा आणि बायको दोघांकडेही अशी एकेक सदोष प्रत असेल, तर प्रत्येक खेपेला चारात एक शक्यता अशी, की बाळाला दोन्ही सदोष येतील. मग त्याचं रक्त बनतच नाही. बाळ जन्मतं ठणठणीत, आणि काही महिन्यांनी पांढरं पडायला लागतं. आता दर काही आठवड्यांनी रक्त चढवून मुलं जगवता येतात, पण ते जन्मभराचं.

सासूबाईंचं हसू मावळलं. त्यांनी विचारलं, "पोट फुगतं काय अशे पोराचं?"

"हो. प्लीहा वाढते, त्यामुळे."

"आनि दूद पीत न्हाय, रडायला बी दम न्हाय उरत."

माझ्या बायकोच्या आधी सासूबाईंना एक मुलगा झाला होता, हे मला माहीत होतं. तो वर्षाचा व्हायच्या आत गेला, एवढंच घरात सांगायचे. त्या दिवशी परतताना रिक्षात सासूबाईंनी पहिल्यांदा सगळं सांगितलं. पोर पांढरं पडलं तेव्हा गावात ठरलं, की ही गरोदरपणी भर दुपारी मिठागरातल्या विहिरीवर गेली होती, तिथलं काहीतरी लागलं. सासूनं ठरवलं, नवऱ्यानं मानलं, आणि हळूहळू त्यांनाही ते पटलं. "पन्नास-पंचावन वरसं मी त्या इहिरीला दोस दिला आनि माजे पायाला," त्या म्हणाल्या. "कोनाचं काय लागलंच न्हवतं मंग." त्या रडल्या नाहीत. पण रिक्षातून उतरल्यावर त्यांची चाल मला जरा हलकी वाटली, आणि मी भाडं देता देता उगाच रिक्षावाल्यावर खेकसलो, कारण माझ्याच्यानं राहवत नव्हतं.

ही गोष्ट एवढ्यावर थांबली असती तर आम्ही सगळे शहाणे होऊन स्वस्थ बसलो असतो. पण आमच्या एकुलत्या एक लेकीचा साखरपुडा नुकताच झाला होता. मुलगा तिच्याच ऑफिसातला, तिनं स्वतः निवडलेला, आणि घर पेणकरपाड्यातलं जुनं. शहरभर हिंडून पोरीनं खाडीकडचाच मुलगा शोधला म्हणून सासूबाई केवढ्या खूश झाल्या होत्या. डॉक्टरीणबाईंच्या सांगण्यावरून बायकोचं आणि लेकीचं रक्त तपासलं. दोघीही सासूबाईंसारख्याच. आता मुलाचं बघणं आलं.

लेकीनं त्याला त्याच संध्याकाळी फोनवर सांगितलं. तो लगेच तयार झाला, आणि सरळमार्गी असल्यामुळे त्यानं जाऊन आईलाही सांगितलं. तिथे घोडं अडलं. आमच्याकडे लग्नाआधी मुलाचं रक्त तपासा म्हटलं की लोकांच्या मनात एकच रोग येतो, ज्याचं नाव कुणी घेत नाही. शिवाय साखरपुडा झाल्यावर मुलाकडच्यांना प्रश्न विचारायचे नसतात, ही तिथली रीत. दुसऱ्या दिवशी निरोप आला, की आमच्या पोरात खोट दिसत असेल तर साखर परत घेऊन जा.

बायको रडली. लेक म्हणाली, "आम्ही गुपचूप टेस्ट करू शकलो असतो, बाबा. पण नंतर कळलं असतं तर त्यांना तेच वाटलं असतं." मी एक सभ्य मेसेज लिहायला बसलो. 'आपणास विनंती की' इथवर लिहिलं आणि पुढे काय लिहावं ते सुचेना. ऑफिसात जन्मभर मसुदे लिहिलेला माणूस मी, पण जावयाचं रक्त मागायचा मसुदा कधी लिहिला नव्हता.

सासूबाई म्हणाल्या, "मोबाइल ठेवा. मी जाताव."

दुपारी आम्ही दोघंच पेणकरपाड्याला गेलो. टॉवरांच्या बेचक्यात ते घर अजून तग धरून आहे. मुलाच्या आईनं पाणी दिलं, पण ती बसली नाही, दाराला टेकून उभी राहिली. मला बोलायचं काम नव्हतं. सासूबाईंनी पदर सरकवून कोपरावर चिकटवलेली पट्टी दाखवली. रक्त काढून आठवडा झाला होता, पट्टी त्यांनी मुद्दाम ठेवली होती.

"बाय, आदी माजं रगत काडलं," त्या म्हणाल्या. "मंग माजे लेकीचं, मंग नातीचं. तुजे पोराला मी उगाच न्हाय सांगत. ह्ये रगत वाईट न्हाय. ह्ये हाय म्हनून मी तापातून उटली, न्हायतर कवाची गेली असती. पन त्याचं मिठासारकं हाय. डालीत सासूनी मीठ टाकलं, डाल चांगली. सुनेला ठावं न्हाय, तिनी परत टाकलं. मंग ती डाल कोन खाल?"

मग सासूबाईंनी मुलाच्या आईला आपल्या गेलेल्या मुलाचं सांगितलं. सगळं. पोट कसं फुगलं, ओठ कसे कागदासारखे झाले, पाळण्यातून उचलला की मान कशी टाकायचा. मला वाटलं, आता ही बाई आपल्याला बाहेर काढणार, शुभकार्याच्या घरात असलं कुणी बोलतं का? पण ती हळूच खाली बसली. म्हणाली, "आमचे मोठे जावेची पोर अशीच गेली. आमी म्हनलं, सटवाईनी नेली." मग तिनं चहा केला. उठताना तिनं सासूबाईंच्या पाया पडून घेतलं आणि आतल्या खोलीकडे तोंड करून मुलाला सांगितलं, "उद्या सकाली जाऊन ये रं."

मुलगा जाऊन आला. डाळीत मीठ दोन्हीकडून पडायचंच होतं. त्याचंही रक्त तसंच निघालं.

मी संतापलो. कुणावर, ते मला माहीत नव्हतं, म्हणून सगळ्यांवर. म्हटलं, मोडा लग्न, जगात मुलं काय कमी आहेत, घाटावरचा बघा, परदेशातला बघा, मेलं ते खाडीचं कौतुक. बायको म्हणाली, "तुम्ही आधी आवाज खाली करा, टॉवरातले लोक ऐकतील." लेक शांत होती. हा शांतपणा तिनं तिच्या आईकडून घेतलाय, माझ्याकडे तो कधीच नव्हता. "बाबा, आजीला माहीत नव्हतं," ती म्हणाली. "आम्हाला माहितीये. गरोदरपणात सुरुवातीलाच बाळाचं तपासता येतं. काय करायचं ते आम्ही दोघं बोललोय. सोपं नसेल, हेही आम्हाला ठाऊक आहे. पण मला हाच मुलगा हवाय."

मी आधारासाठी सासूबाईंकडे बघितलं. त्या माझ्या बाजूनं बोलतील अशी माझी खात्री होती. त्या म्हणाल्या, "पोरगी बरोबर बोलतेय. मला कोनी सांगितलं असतं तरी मी ह्याच घरात आली असती. माजा नवरा चांगला होता." जावयाला सासूपुढे किती बोलता येतं?

लग्न झालं. हळदीला पेणकरपाडा आणि नवघर इतकं नाचलं, की माझा गुडघा अजून दुखतो. पुढची दोन वर्षं चांगली गेली. आमची नवी इमारत उभी राहिली, आम्ही पश्चिमेला परतलो, सासूबाईंनी बरोबर यायला नकार दिला. सातव्या मजल्यावर मासळीवाली येत नाही, हे त्यांचं कारण. समोरच्या प्लॉटवरचा खड्डा बुजला.

मग एका सकाळी लेकीचा फोन आला. दिवस राहिले होते. असा फोन आला की बाप पेढे आणायला धावतो. मी पलंगाच्या कडेवर बसून राहिलो. बायकोनं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि तीही तिथेच बसली.

परळच्या एका मोठ्या इस्पितळात पोटातून सुई घालून वारेचा बारीकसा कण काढतात आणि त्यावरून बाळाच्या त्या दोन प्रती वाचतात. तपासणी झाली. उत्तर यायला काही आठवडे लागणार होते. ते दिवस आमच्या घरात फार विचित्र गेले. बाळाबद्दल कुणी चकार शब्द काढायचं नाही, आणि भांडणं मात्र कुकरच्या शिट्टीवरून, वर्तमानपत्राच्या घडीवरून. सासूबाईंनी कुणाला दुपट्यासाठी कापडसुद्धा आणू दिलं नाही. उत्तर वाईट आलं तर काय, ते लेकीनं आणि जावयानं ठरवलं होतं आणि आम्हाला एकदाच सांगितलं होतं. तो त्यांचा निर्णय होता. रात्री मला तिचं लहानपणचं तोंड दिसायचं आणि मी कूस बदलायचो. मी देव फारसा मानत नाही. त्या आठवड्यांत मानला.

बोलावणं आलं तेव्हा आम्ही सगळेच गेलो. सासूबाईही, त्यांना घरी ठेवायची कुणाची छाती नव्हती. एवढी माणसं बघून तिथल्या समुपदेशक बाईंनी बाहेरून खुर्च्या मागवल्या. आधी लेकीला आणि जावयाला आत घेतलं. दार बंद झालं आणि पुन्हा उघडलं. लेक बाहेर आली तेव्हा तिच्या तोंडाकडे बघायचं धाडस मला झालं नाही, मी तिच्या चपलांकडे बघत होतो. जावयानं माझा दंड धरला आणि मला आत नेलं. म्हणाला, "बाबा, तुम्ही ऐका, मॅडमना पुन्हा सांगू दे."

बाई म्हणाल्या, बाळाच्या दोन्ही प्रती चांगल्या आहेत. थॅलसेमियाचं काही नाही, मायनरसुद्धा नाही. मी विचारलं, असं कसं, दोघंही तसेच असताना. त्यांनी कागदावर रेघा काढून दाखवलं. जावयाकडून त्याची चांगली प्रत बाळाला आली. "आणि तुमच्या मुलीकडे दोन प्रती आहेत. सदोष ती तिच्या आईकडची. चांगली ती वडिलांकडची. बाळाला तिच्याकडून आली ती चांगली." त्यांनी पेनचं टोक माझ्याकडे केलं. "म्हणजे ती तुमची, काका."

लेकीला माझ्याकडून काय मिळालं, याची यादी माझी बायको कुणीही मागितली तरी द्यायची. रुंद नाक, शीघ्रकोप, गणितात कच्चेपणा. आणि हे रक्त, ज्यात सांगण्यासारखं काही नाही, ज्यानं मला जवळजवळ मारलं होतं, ते मी तिला कधी दिलं ते मलाही कळलं नव्हतं. मी डोळ्यांना रुमाल लावला आणि बायको माझ्याहून आधी रडायला लागली होती, म्हणून कुणी माझ्याकडे बघितलं नाही.

सासूबाईंना लेकीनं समजावून सांगितलं. त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग त्यांच्या कपाळावर आठी आली.

"म्हंजे तापाला हे लेकरू आमचेसारकं न्हाय. त्याला ताप आला तर?"

"तर लगेच रक्त तपासायचं, आजी, आणि औषध द्यायचं," लेक म्हणाली. "वेळेत दिलं की बरं होतं. ताप काय, आता त्याला गोळ्या आहेत."

सासूबाईंनी मान हलवली. नातीच्या पोटावर त्यांनी हात ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाही. "गोल्या हायत," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "मंग आता तापाला कोनी पोर द्यायला नको."